हेक-रास: जायकवाडीच्या फुटीचे मॉडेल कुठे गंडते

अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे हेक-रास हे नदीच्या प्रवाहाचे गणित करणारे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर चालते आणि २०१६ च्या ५.० आवृत्तीपासून टूडीही (लांबी-रुंदी अशा दोन्ही दिशांचे गणित) करते. जायकवाडी धरण फुटले तर पैठण ते नांदेड गोदावरीत येईल तो पूर मांडायला ते पुरून उरते. ते बंद पडले तर फारसे बिघडत नाही, कारण कुठे अडले हे तेच सांगते. खरी फसगत करते ते शेवटपर्यंत सुरळीत चाललेले चुकीचे मॉडेल.

म्हणून आधी गळती, म्हणजे मॉडेलमध्ये धरण फुटण्याआधीच पलीकडे जाणारे पाणी, पाहा. भगदाडाची वेळ रन (मॉडेलची गणना) सुरू झाल्यानंतर दोन तासांची ठेवा आणि तोवर धरणाखालचा विसर्ग बघा. सांडवा बंद असेल तर तो शून्यच हवा. जलाशय आणि खालचे खोरे एकाच मेशमध्ये (सेल म्हणजे छोट्या चौकटींच्या जाळीत) असेल तर तो बहुधा शून्य नसतो. सेलची कड तिच्या खालच्या जमिनीची उंची वाचते. धरणाचा माथा सेलच्या पोटातून गेला की कुठल्याच कडेला तो दिसत नाही आणि पाणी अलगद पलीकडे जाते. जायकवाडीचा भराव सुमारे १० किलोमीटर लांब, सेल २०० मीटरचे. अशी भोके किती पडतील याचा अंदाज करा. माथ्यावरून ब्रेकलाइन (सेलच्या कडा जिला धरून बसतात अशी रेघ) टाका, तिच्याजवळचे सेल २५ मीटरवर आणा आणि ती जाळीवर लागू करणारे ‘एनफोर्स’ करायला विसरू नका. लॉगमधली (रनच्या नोंदीतली) घनफळाच्या चुकीची टक्केवारी गळती पकडत नाही. गळलेले पाणीही हिशेबात बसतेच.

त्यापेक्षा जलाशय मेशबाहेर स्टोरेज एरिया (फक्त पातळी आणि साठा असलेली टाकी) म्हणून घेणे बरे. एसआरटीएम या अंतराळातून केलेल्या रडार मोजणीच्या ३० मीटर डेममध्ये (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशात) नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, तळ नाहीच, फेब्रुवारी २००० मधला पाण्याचा पृष्ठभाग आहे. त्याखालचा साठा मॉडेलमधून गायब होतो. पातळी-साठा तक्ता प्रकल्पाच्या कागदातूनच भरा. ढालेगाव, मुदगलसारख्या बंधाऱ्यांच्या फुगवट्यातही नदीचा तळ असाच हरवतो. धरणफुटीच्या लाटेत त्याने फारसा फरक पडत नाही, पण नुसत्या सांडव्याच्या विसर्गात पडतो.

भगदाडाचे आकडे हा सगळ्यात वादाचा भाग. साठा २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि भगदाडाची उंची ४० मीटर धरून फ्रोलिक या संशोधकाचे २००८ चे, फुटलेल्या धरणांच्या माहितीवरून बांधलेले सूत्र (पाणी माथ्यावरून गेल्यास) सरासरी रुंदी सुमारे ४३० मीटर आणि वेळ साडेसात तास देते. हेक-रासच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यात मातीच्या धरणाला रुंदी उंचीच्या फार तर पाचपट, म्हणजे २०० मीटर, आणि वेळ चार तासांपर्यंत. दोन्हींवर डोळे झाकून विश्वास नको: फ्रोलिकच्या मूळ माहितीतले सर्वांत मोठे धरण ६६० दलघमीचे, आणि तक्त्याखालच्या टिपेत प्रचंड साठ्याची, लांब माथ्याची धरणे वेगळी काढली आहेत. किमान तीन रन करा आणि नांदेडला लाट पोहोचण्याच्या वेळेत किती फरक पडतो ते अहवालात लिहा. एकच आकडा देणारा अहवाल कच्चा समजावा.

रन अडखळला की लॉगमध्ये सेल क्रमांक आणि इटरेशन (उत्तर जुळवायचे फेरे) दिसतात. तोच सेल पुन्हापुन्हा २० इटरेशन गाठत असेल तर तो मॅपरमध्ये (हेक-रासच्या नकाशाच्या खिडकीत) शोधा. बहुतेकदा भगदाडाच्या तोंडाशी सापडतो. वेग ५ मीटर प्रतिसेकंद आणि सेल ५० मीटरचा असेल तर १० सेकंदांच्या टाइम स्टेपला कुरांट (एका स्टेपमध्ये पाणी किती सेल ओलांडते तो आकडा) १ येतो. भगदाडाजवळ फुल मोमेंटम समीकरणच ठेवा आणि कुरांट १ च्या आसपास राखा. खाली लाट मंदावल्यावर डिफ्युजन वेव्ह या सोप्या समीकरणाने बहुधा भागते. भगदाडाचा तळ खालच्या सेलच्या जमिनीहून खोल दिला तरीही अडचण येते.

एक मात्र खटकते. मूळ सेटिंग न बदलल्यास नवा प्रोजेक्ट फूट-पाउंडमध्ये उघडतो. जुन्या नकाशांत जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट आणि डेम मीटरमध्ये, तेव्हा १५२२ टाकायचे की त्याचे मीटरमधले ४६३.९, हे आधी ठरवा. युनिट सिस्टिम बदलली की नुसती लेबले बदलतात. आकडे बदलायला ‘कन्व्हर्ट’ वेगळे चालवावे लागते.