एअर प्युरिफायर: धूर पकडतो, वास अर्धवटच

घरात सिगारेट ओढणारं कुणी असेल तर प्युरिफायर घेताना खोक्यावरच्या ‘हेपा’ (बारीक कण अडवणारा दाट तंतूंचा फिल्टर) या शब्दावर भाळू नका. धुराचे कण बहुतेक 1 मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. ते हेपा नीट अडवतो. वास मात्र वायूंचा. त्याला वायू शोषणारा कार्बन (खास कोळसा) लागतो, आणि स्वस्त मशीनमध्ये तिथेच काटकसर असते: काळी भुकटी फासलेली स्पंजची पट्टी. ती लवकर भरते आणि मग मशीन सुरू केलं की तोच शिळा वास उलटा अंगावर येतो. फिल्टर हलवून बघा, कार्बनचे दाणे खुळखुळले पाहिजेत.

क्षमता धुरासाठीच्या सीएडीआरवरून (मशीन किती वेगाने स्वच्छ हवा देतं तो आकडा) ठरवा. 150 चौरस फुटांच्या, 8 फूट उंच खोलीला निदान 100 सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे ताशी 170 घनमीटर. हा आकडा फुल स्पीडचा असतो. रात्रीच्या मंद मोडवर निम्म्याची अपेक्षाही धरू नका.

हवेतले कण मोजणाऱ्या सेन्सरच्या भिंगावर चिकट पिवळा थर बसतो आणि हवा कशी आहे ते दाखवणारा दिवा उगाच लाल किंवा हिरवा राहतो. प्लग काढून कोरड्या कापूसकाडीने पुसा. प्री-फिल्टर (पुढची धूळ अडवणारी जाळी) दर आठवड्याला साफ करा. हेपा मात्र धुवायचा नाही, तंतू खराब होतात.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू मशीन अडवत नाहीच. भिंती-पडद्यांवर बसलेलं निकोटिनही मशीन ओढत नाही. भिंतींना साबणपाणी, पडद्यांना धुणं. हे सगळं केलं तरी सिगारेट दाराबाहेर ओढण्याची बरोबरी होत नाही.