व्हिडिओ यूट्यूबवर ठेवावा की आपल्याच सर्व्हरवर?

ऐन मे महिन्यात गुहागरकडच्या एका होमस्टेवाल्या मित्राचा फोन आला. "साइटवर व्हिडिओ चढवलाय. माझ्याकडे झकास चालतो, पण पुण्याची पार्टी म्हणते आवाज येतो, चित्र काळंच." व्हिडिओ आयफोनवर काढलेला, दोन मिनिटांचा, फोर-के. फाइल साडेतीनशे एमबीच्या घरात, आणि ती तशीच उचलून होस्टिंगवर, म्हणजे साइटसाठी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, टाकलेली. तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो, कारण क्लासवाल्यांपासून मंगल कार्यालयांपर्यंत सगळेच इथे अडतात.

यूट्यूबच्या बाजूचा एक मुद्दा फार भारी आहे. तुम्ही एकच फाइल देता. यूट्यूब तिच्या १४४पी या अगदी धूसर दर्जापासून वरच्या दर्जापर्यंत प्रती बनवतं आणि बघणाऱ्याच्या नेटप्रमाणे चालू व्हिडिओतच प्रत बदलतं. घाटात रेंजची एकच काडी असली तर चित्र धूसर होतं, पण बहुतेकदा पुढे सरकत राहतं. आपल्या सर्व्हरवरची फाइल मात्र फायबरवाल्याला जी, तीच एसटीत बसलेल्याला. हिशेब करा: फाइल आकसून ५ एमबीपीएसवर (सेकंदाला ५ मेगाबिट) आणली तरी दोन मिनिटं म्हणजे ७५ एमबी. महिन्यात हजार जणांनी पूर्ण पाहिला की ७५ जीबी. होस्टिंगच्या जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहिलेलं असतं, तरी वाजवी वापराचं कलम एकदा वाचून घ्या.

यूट्यूबची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. जाहिराती येऊ शकतात. व्हिडिओ संपल्यावर इतर व्हिडिओंच्या चौकटी दिसतात. पूर्वी त्या बंद करता यायच्या, सप्टेंबर २०१८ पासून फक्त आपल्याच चॅनेलपुरत्या ठेवता येतात. शिवाय कुणी प्ले दाबण्याआधीच प्लेअरचा शेकडो केबींचा कोड पानावर उतरतो. एका पानावर सहा व्हिडिओ लावलेली साइट फोनवर का रखडते, त्याचं उत्तर बहुधा इथेच असतं. उपाय सोपा आहे: आधी नुसतं चित्र दाखवायचं आणि त्यावर बोट ठेवल्यावरच प्लेअर आणायचा. वर्डप्रेसवर हे करणारे प्लगइन (साइटला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) मिळतात.

बिघाडही दोन्हीकडचे निराळे. यूट्यूबचा व्हिडिओ साइटवर दिसत नसेल तर आधी लिंक बघा. ॲड्रेस बारमधून उचललेली लिंक पानावरच्या व्हिडिओच्या चौकटीत (आयफ्रेममध्ये) चालत नाही, 'शेअर'मधल्या 'एम्बेड'चा कोडच लागतो. मग व्हिडिओ 'प्रायव्हेट' तर नाही ना ते पाहा, 'अनलिस्टेड' चालतो. एम्बेडिंगची, म्हणजे दुसऱ्या साइटवर दाखवायची, परवानगी बंद असेल तरी नकार येतो. 'एरर १५३' दिसली तर तुमची साइट स्वतःचा पत्ता यूट्यूबला कळवत नाहीये. हे बहुतेकदा सुरक्षेच्या प्लगइनने रेफरर (हा पत्ता कळवणारी नोंद) बंद केल्याने होतं.

आपल्या सर्व्हरवर बिघाडांची यादी लांबते. मित्राच्या काळ्या चित्राचं कारण एच.२६५ ही व्हिडिओ आकसायची पद्धत. आयफोन त्यात जागा वाचवतो, पण जुने कॉम्प्युटर आणि काही ब्राउझर ते उलगडू शकत नाहीत. आवाज तेवढा वाजतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एमपी४ फाइल, एच.२६४ ही जुनी, जवळपास सगळीकडे चालणारी पद्धत आणि एएसी आवाज निवडला की काम होतं. तिथेच 'वेब ऑप्टिमाइज्ड'वर टिक करा. फाइलची अनुक्रमणिका शेवटी असेल तर ती हाती येईपर्यंत व्हिडिओ सुरू व्हायला वेळ लागतो. या टिकेने ती पुढे येते. सगळीकडे चालतो पण आयफोनवरच अडतो, असं असेल तर सर्व्हर फाइलचा मागितलेला तुकडा देतो का, ते होस्टिंगवाल्याला विचारा. सफारीला तुकड्यातुकड्यानेच हवं असतं.

मग स्वतःचा सर्व्हर कशासाठी? पानाच्या माथ्यावर दहा सेकंदांच्या लाटा हलत्या दाखवायच्या असतील तर त्यासाठीच. आवाज काढून टाका, ७२०पी ठेवा, अडीच-तीन एमबीत भागतं. आवाज बंद नसेल तर ब्राउझर आपोआप चालू करत नाहीत, हे लक्षात असू द्या. यासाठी जिफ वापरू नका. २५६ रंगांत समुद्राचा चिखल होतो आणि फाइलही फुगते.

व्हिमिओसारखी पैसे भरून घ्यायची सेवा क्लासवाल्यांनी जरूर बघावी. जाहिराती नाहीत, आणि व्हिडिओ फक्त आपल्याच साइटवर चालेल असं बांधता येतं. यूट्यूबचा अनलिस्टेड व्हिडिओ लिंक मिळालेला कुणीही पाहतो, आणि व्हॉट्सॲप ग्रुप असताना लिंक किती दिवस लपणार? होमस्टेला मात्र हा खर्च उगाच. गुगल ड्राइव्हवरून एम्बेड करायची सवय असेल तर सोडा. जास्त लोक आले की तिथे मर्यादा आडवी येते.

फोटोंच्या बाबतीत एवढा विचार लागत नाही. वेबपी हा फोटोंचा हलका फाइल-प्रकार घ्या. सफारीने २०२० मध्ये ते स्वीकारल्यापासून सगळे मुख्य ब्राउझर दाखवतात. एव्हीआयएफ हा दुसरा प्रकार आणखी हलका होतो, पण छोट्या साइटला तेवढ्यासाठी धडपडायची गरज नाही. जेपीजीसुद्धा चालेल, फक्त चार हजार पिक्सेलचा फोटो चारशेच्या चौकटीत कोंबू नका. आयफोनचे एचईआयसी फोटो सफारीबाहेर सहसा दिसत नाहीत, ते बदलूनच चढवा. आणि घरी दिसणारा फोटो साइटवर तुटका दिसला तर फाइलचं नाव तपासा: विंडोजला इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं सारखीच, लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावं.

मित्राने व्हिडिओ यूट्यूबवर नेला, साइटवर नुसतं चित्र ठेवलं आणि माथ्यावर आठ सेकंदांच्या लाटा लावल्या. पुण्याची पार्टी तोवर दापोलीला बुकिंग करून मोकळी झाली होती.