फळमाश्यांचा प्रयोगसंच : जनुके पोहोचली, सोबत राहून गेली

जळगाव जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात आनुवंशिकीच्या प्रात्यक्षिकांसाठी यंदा फेब्रुवारीत फळमाश्यांचा तयार संच मागवला. पुण्याच्या पुरवठादाराने पाठवलेल्या खोक्यात रानटी (निसर्गात आढळतो तसा), पांढऱ्या डोळ्यांचा आणि पिवळ्या अंगाचा अशा तीन वाणांच्या नळ्या, खाद्याची भुकटी, कापसाचे बोळे, भिंग आणि माहितीपुस्तिका होती. खोके उघडताच प्रयोगशाळेच्या परिचरांनी "आठे काय चिलटं कमी शेतस?" असे विचारले, आणि केळीच्या मुलुखात तो प्रश्न रास्तच होता. आंब्यात, कारल्यात अळी पाडणारी आणि जिच्यासाठी शेतकरी सापळे टांगतात ती फळमाशी निराळी. ही म्हणजे पिकल्या केळीवर घोंघावणारे चिलट, ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. घडावरून धरलेल्या चिलटांत ड्रॉसोफिला अननासीसारख्या जवळच्या जातीही मिसळलेल्या असू शकतात, त्यामुळे खात्रीच्या वाणासाठी पैसे मोजावेच लागतात.

वाण शुद्ध आहेत. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांच्या संकरातून सर्व नर पांढऱ्या डोळ्यांचे व सर्व माद्या लाल डोळ्यांच्या निघाल्या. थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये गवसलेल्या या गुणाची लिंगसंलग्नता, म्हणजे त्याचा वारसा नर-मादीनुसार वेगळा असणे, विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून पाहिली. खाद्यावर बुरशी धरली नाही. पुस्तिकेतील 'खोलीच्या तापमानात ठेवा' ही सूचना मात्र खान्देशात निरुपयोगी आहे. २५ अंशांना अंड्यापासून माशी होण्यास सुमारे १० दिवस लागतात, पण ३० अंशांच्या वर वाढलेले नर बहुधा वंध्य निघतात, आणि आमची खोली मार्चअखेरीसच ती पातळी ओलांडते. एप्रिलमध्ये मागवलेल्या दुसऱ्या खेपेतील निम्म्या माश्या वाटेतच मेल्या. पुरवठादाराने तक्रार न करता नवी खेप पाठवली, हे नमूद केलेच पाहिजे.

माझा खरा आक्षेप वर्तनाच्या प्रकरणावर आहे. पिवळ्या नराला मीलनात यश कमी मिळते, एवढे सांगून पुस्तिका तो दोष जनुकाच्या पदरात टाकते आणि पुढे जाते. नराच्या पुढच्या पायांवरील कंगव्यासारखे केस या जनुकामुळे पुरेसे गडद होत नाहीत आणि त्याची मादीवरील पकड ढिली पडते, हे २०१९ च्या संशोधनातून दिसले आहे, म्हणजे जनुकाचा वाटा आहेच. परंतु रानटी माद्या ज्या नराला झिडकारतात, त्यालाच पिवळ्या वाणातल्या माद्या अधिक सहज स्वीकारतात, हेही १९५६ पासून माहीत आहे. यश नराच्या एकट्याच्या जनुकांवर ठरत नाही. समोरच्या मादीची जनुकेही त्यात बोलतात. संचात दोन्ही माद्या हाताशी असताना हा प्रयोग पुस्तिकेत नसावा, याचे आश्चर्य वाटते.

सोबतीचा परिणाम तर संचाने विचारातच घेतलेला नाही. कोशातून निघाल्यापासून एकटा ठेवलेला नर घोळक्यात वाढलेल्या नरापेक्षा अधिक भांडखोर असतो. मागच्या पायांवर उभे राहून तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर कोसळतो, आणि भिंगाशिवायही ते दिसते. सिप६ए२० या जनुकाची क्रियाशीलता भांडखोर वाणांत कमी आढळते आणि घोळक्यात राहिलेल्या नरांत वाढलेली आढळते. एकाच जनुकावर वारसा आणि संगत दोघांची खूण उमटते, याहून चांगले उदाहरण वर्गात कोणते देणार? हे दाखवायचे तर माशा एकेकट्या ठेवण्यासाठी लहान कुप्या लागतात, आणि संचात त्या नाहीत. आम्ही गावातल्या होमिओपॅथीच्या दुकानातून काचेच्या रिकाम्या कुप्या आणल्या, तळाशी खाद्य ओतले आणि पाच दिवसांनी एकटे व घोळक्यातले नर निरनिराळ्या जोड्यांत सोडले. आमच्या मोजक्या जोड्यांवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, पण एकटे वाढलेले नर बहुतेक वेळा आधी तुटून पडले आणि मागच्या बाकावरचे विद्यार्थी पहिल्यांदाच उठून पुढे आले.

आणखी एक त्रुटी अशी की माश्या मोजण्यासाठी ईथरने बेशुद्ध करून लगेच वर्तन पाहावे, असे पुस्तिका सुचवते. गुंगीचा परिणाम माशी चालू लागली तरी ओसरलेला नसतो. निदान एक दिवस जाऊ द्यावा, किंवा तोंडाने ओढायची नळी वापरून माश्या शुद्धीतच हलवाव्यात. दहा-बारा रुपयांची ती नळी संचात घालायला काहीच हरकत नव्हती.

आनुवंशिकीच्या प्रात्यक्षिकासाठी संच घ्यावा. वर्तनासाठी घ्यायचा असेल, तर कुप्या, नळी आणि उष्म्यापासून बचावासाठी थर्माकोलची पेटी यांची सोय आधी करावी. आमची पुढची मागणी दिवाळीच्या सुटीनंतरची आहे, कारण तेव्हा खोलीचे तापमान माश्यांना मानवते. कुप्या धुऊन कपाटात ठेवल्या आहेत.