क्यूजीआयएस पावसाळाभर वापरून: रेघा झकास, नावांची मात्र कत्तल

पलूस तालुक्यातल्या एका उपसा सिंचन संस्थेच्या लाभक्षेत्राचे गट नकाशे डिजिटाइझ करायचं काम घेतलं. दर इतका तुटपुंजा की लायसनवालं सॉफ्टवेअर घेतलं असतं तर पदरचे घालावे लागले असते. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट, म्हणून ते घेतलं. आता फुकट नसतं तरी घेतलं असतं, पण हे कुणाला सांगू नका.

नदीकाठचे गट म्हणजे अरुंद, लांबलचक पट्टे. सामाईक बांध दोनदा काढला की मध्ये फट राहते नाहीतर एकावर एक चढतं. इथं 'ओव्हरलॅप टाळा' चालू करून शेजारचा गट आधीच्या गटावर बिनधास्त चढवून काढायचा, जादा भाग आपोआप छाटला जातो. टोपोलॉजिकल एडिटिंग चालू असेल तर बांधाचा एक बिंदू हलवला की दोन्ही गट सोबत हलतात. स्नॅपिंगचं, म्हणजे नवा बिंदू जवळच्या बिंदूला आपोआप चिकटण्याचं, अंतर मूळचं 12 पिक्सेल असतं. झूम कमी असला तर तेवढ्यात अख्खा बांध ओलांडून पलीकडच्या कोपऱ्याला चिकटतं. मी ते मीटरमध्ये करून ठेवलंय. नव्या प्रोजेक्टमध्ये स्नॅपिंग बंदच असतं, तेही ऑप्शन्समधून कायमचं चालू करून टाका.

इथवर पाचपैकी पाच तारे. मग निरोप आला, "आम्हाला शेपफाइलच पाहिजे."

नकाशा आणि त्याच्या माहितीचा तक्ता साठवायचा नव्वदच्या दशकातला हा फॉरमॅट अजून कुणाच्या मानगुटीवरून उतरत नाही. स्तंभाच्या नावाला जागा 10 बाइट. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण 3 बाइट खाते, कानामात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. म्हणजे 'खातेदाराचे नाव' याचं उरतं 'खात'. 'खाते क्रमांक' याचंही 'खात'! मजकुराच्या रकान्याला 254 बाइट, म्हणजे जेमतेम 84 खुणा. आमच्याकडं सातबाऱ्यावर पाच भाऊ, दोन बहिणी आणि मयताचे वारस असतात. तिसऱ्या भावाच्या आडनावातच जागा संपते. पाणीपट्टी मग उरलेल्यांनी भरायचीच नाही का? वर एकेका लेयरच्या चार-पाच फायली. व्हॉट्सॲपवर नुसती डॉट एसएचपी पाठवून "उघडत नाही" म्हणणारे महाभाग तर रोजचेच.

जिओपॅकेज या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये यातलं काहीच नाही, सगळं एका फाइलीत. पहिले काही आठवडे मी त्याचेच गोडवे गायलो. आता थोडं आवरतं घेतो. क्यूजीआयएस उघडं असताना फाइल पेनड्राइव्हवर टाकली तर ताजे बदल शेजारच्या डब्ल्यूएएल नावाच्या तात्पुरत्या फाइलीत राहून जाऊ शकतात आणि समोरच्याला जुनाच नकाशा दिसतो. आधी प्रोग्रॅम बंद करा, मग कॉपी करा.

क्षेत्रफळाबद्दल एवढंच: प्रोजेक्ट यूटीएम 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत ठेवा, चौरस मीटरला 101.17 ने भागून गुंठे काढा, आणि आलेला आकडा सातबाऱ्याच्या रकान्यात घुसडू नका. तो शेजारी वेगळा ठेवा. स्कॅन केलेल्या जुन्या कागदावरून गुंठा-अर्धा गुंठा इकडंतिकडं होणारच, आणि तेवढ्यावर आपल्याकडं कोर्ट चढतात.

शेवटी शेपफाइलमध्ये रोमन लिपीतले आखूड स्तंभ आणि गट नंबर एवढंच ठेवलं. पूर्ण नावांची एक्सेल यादी वेगळी करून गट नंबरावर नकाशाला जॉइन करून (जोडून) दिली. त्या यादीचे पैसे वेगळे लावलेत. बिल अजून साहेबांच्या टेबलावर आहे.