बर्फाशिवाय नमुना: एफटीए कार्ड बेळगाव-खानापुरात कितपत चालतं?

एफटीए कार्ड म्हणजे रसायनं मुरवलेला जाड कागद. रक्त, लाळ किंवा कापलेल्या अवयवाचा ओला पृष्ठभाग त्याला लागला की पेशी फुटतात, बहुतेक विषाणूंची आवरणं फुटतात, आणि आतलं डीएनए-आरएनए कागदाच्या धाग्यांत अडकून बसतं. कागद नीट वाळला की त्याला बर्फ लागत नाही. बेळगावहून बेंगळूरची लॅब साधारण पाचशे किलोमीटर आणि बर्ड फ्लूसाठी भोपाळ त्याहून दूर असताना ही सोय छोटी नव्हे. आमच्या हिशेबाने कार्डाला पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण कागदाच्या दर्जासाठी नाही. हे कार्ड व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू जिवंत ठेवणाऱ्या द्रवाच्या, जागी वापरता येतं असा समज पसरलाय, त्यासाठी आहे. तशी जागा ते घेऊ शकत नाही.

आधी खरेदीबद्दल, कारण पहिली चूक तिथेच होते. 'एफटीए कार्ड' म्हणून मागवलं आणि हातात 903 कार्ड आलं, असं होऊ शकतं. 903 हे नवजात बाळांच्या टाचेचं रक्त घेण्यासाठीचं कार्ड. त्यावर अर्ध्या इंचाची पाच वर्तुळं असतात आणि कागदात जंतू मारणारं काहीही नसतं. एफटीए क्लासिकवर सुमारे एक इंचाची चार वर्तुळं असतात. वर्तुळं मोजली की फरक कळतो. दुसरा गोंधळ 'एफटीए इल्यूट' या प्रकाराचा. त्याच्या कागदात ग्वानिडीनचं क्षार असतं आणि लॅबमधली पद्धतही वेगळी असते. इल्यूटचे तुकडे किंवा त्याचं पाणी ब्लीचमध्ये टाकू नका, विषारी वायू तयार होतो. तिसरा प्रकार रंगीत, म्हणजे इंडिकेटिंग. त्याची वर्तुळं गुलाबी असतात आणि ओलं लागलं की तेवढी जागा पांढरी पडते. रक्तासाठी पांढरं क्लासिक पुरे. घशाचा, नाकाचा, गुदाचा स्वॅब घेणार असाल तर मात्र रंगीतच घ्या. बिनरंगी द्रव पांढऱ्या कागदावर कुठे लागला ते वाळल्यावर दिसत नाही आणि लॅबवाला कोऱ्या जागेतून चकती कापतो.

गुरं-शेळ्यांच्या जोडीने पुढे किनाऱ्यावर लागलेल्या मेलेल्या डॉल्फिनच्या नमुन्यांबद्दलही सांगणार आहोत. खानापूर-बेळगावातल्या माणसाने समुद्री प्राण्यांच्या रोगाचा विचार का करावा, असं कुणी विचारेल. चोर्ला घाट उतरला की काही तासांत गोव्याचा किनारा, खाली कारवार, वर मालवण. किनाऱ्यावर डॉल्फिन लागला तर हाक घाटावरच्या पशुवैद्यकालाही येऊ शकते. आणि रोगांचं नातं त्याहून जवळचं आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने बैलांत पाहिलेली बुळकांडी, चिकोडी-रायबागच्या शेळ्यांतला पीपीआर, कुत्र्यांतला डिस्टेंपर, माणसांतला गोवर आणि डॉल्फिनमधला मॉर्बिली हे सगळे विषाणू एकाच कुळातले. 1987-88 मध्ये सैबेरियातल्या बैकल सरोवराच्या सीलमध्ये कुत्र्यांचाच डिस्टेंपर सापडला. 1988 मध्ये उत्तर समुद्रात हजारो सील मेले, तो सीलचा स्वतःचा डिस्टेंपर निघाला. 1990 ते 92 या काळात भूमध्य समुद्रातल्या पट्टेदार डॉल्फिनांत डॉल्फिनचा मॉर्बिली पसरला. 2018 मध्ये गीरच्या सिंहांत पुन्हा डिस्टेंपर सापडला. बुळकांडी 2011 मध्ये जगातून गेली, पण तिचे भाऊबंद आहेत तिथेच आहेत. या पूर्ण कुळाला लागू पडणारी पीसीआर, म्हणजे विषाणूचं डीएनए-आरएनए शोधणारी, तपासणी उपलब्ध आहे, म्हणून शेळीच्या नाकाचा स्वॅब आणि डॉल्फिनच्या फुफ्फुसाचा ठसा एकाच पद्धतीने कार्डावर घेता येतो. हीच या कार्डाची खरी ताकद.

आता कार्ड वापरायची रीत. रक्त असेल तर एका वर्तुळात 125 मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा आठवा भाग. त्याहून जास्त नको. मधोमध थारोळं करू नका, बाहेरून आत गोल फिरवत सोडा. बोटाने किंवा सुईच्या टोकाने घासलं की धागे सुटतात. रक्त नळीत घ्यायचं असेल तर ईडीटीएची नळी, हेपरिनची नको, कारण हेपरिन पीसीआरला अडथळा करतं. स्वॅब असेल तर तो वर्तुळावर दाबून, थोडा थोडा फिरवत, दोन-तीन वेळा लोळवा. अवयव असेल तर ताजा काप घ्या, त्यावरचं जास्तीचं रक्त टिपकागदाने टिपा आणि कापलेली बाजू काही सेकंद दाबून धरा. मांसाचा तुकडा कार्डावर चिकटवून ठेवायचा नाही. जाड थराच्या आत रसायन पोचत नाही, जंतू तिथे जिवंत राहतात आणि तुकडा वाळण्याऐवजी कुजतो.

डॉल्फिनच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या. पहिली म्हणजे चरबी. कातडीखालचा जाड चरबीचा थर कापताना सुरीला तेल लागतं, तीच सुरी फुफ्फुसाला लावली की कार्डावर तेलकट डाग पडतो. तो डाग कधीच वाळत नाही आणि रसायनही त्यात काम करत नाही. छाती उघडल्यावर सुरी आणि हातमोजे दोन्ही बदला. दुसरी म्हणजे मृतदेह किती जुना आहे ते. समुद्री सस्तन प्राण्यांच्या कामात याचे एक ते पाच अंक ठरलेले आहेत. एक म्हणजे जिवंत, दोन ताजा मेलेला, तीन मध्यम कुजलेला, चार फार कुजलेला, पाच म्हणजे सुकलेलं कातडं नि हाडं. दोनवर कार्ड उत्तम, तीनवर घेऊन बघावं, चारवर कार्ड वाया घालवू नका. मॉर्बिलीसाठी फुफ्फुस, मेंदू, प्लीहा आणि लसिका ग्रंथी, एका वर्तुळात एकच अवयव. जोडीला प्रत्येक अवयवाचा एक सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडा दहापट फॉर्मॅलिनमध्ये टाकलाच पाहिजे. विषाणू होता हे कार्ड सांगेल, पण त्यानेच जनावर मेलं का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्याशिवाय कळत नाही.

परवानगीचा विषय इथेच सांगतो. सगळे डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या प्राण्याचा ठसासुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय घेता येत नाही. मालवणला महाराष्ट्राचं खातं, पेडणे ते काणकोण गोव्याचं, कारवारला कर्नाटकाचं. सीमेवरच्या माणसाला हे सवयीचं आहे, तरी कार्डाच्या मागे परवानगीचा क्रमांक आधीच लिहून ठेवा.

आता वाळवणं. या कार्डाचं यश-अपयश इथे ठरतं. सूचनापत्रक साध्या तापमानाला किमान एक तास सांगतं. एप्रिलमध्ये गोकाक-हुक्केरीकडे तासाभरात कार्ड खडखडीत वाळतं. जुलैमध्ये कणकुंबी-जांबोटीच्या पावसात तेच कार्ड तासानंतर हाताला कोरडं लागतं, पण आत ओलं असतं. ते पाकिटात बंद केलं की दोन दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशीच्या आधीच आरएनए तुटायला लागतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, तळाशी सिलिका जेलचा बोटभर थर, वर जाळी आणि जाळीवर कार्ड उघडं ठेवावं. तीन-चार तास, शक्य असेल तर रात्रभर. निळी सिलिका गुलाबी झाली की ओल भरली असं समजा. ती 110 ते 120 अंशांवर दोनेक तास तापवली की पुन्हा निळी होते. कार्ड उन्हात वाळवू नका, अतिनील किरणांनी डीएनए-आरएनए तुटतं. केस वाळवायचं यंत्रही नको. उघड्यावर पंख्याखाली ठेवणार असाल तर वर जाळीचं झाकण हवंच. माशी रक्तावर बसून एका वर्तुळातलं दुसऱ्या वर्तुळात नेते आणि मुंग्या तर कागदच कुरतडतात.

वाळल्यावर प्रत्येक कार्ड वेगळ्या पाकिटात, आत सिलिकाची पुडी. लिहायचं ते शिसपेन्सिलीने. पेनची शाई ओलीत पसरू शकते. गाव लिहिताना तालुका, जिल्हा, राज्य आणि अक्षांश-रेखांश लिहा. खानापूर सांगली जिल्ह्यातही आहे, आणि बेंगळूरच्या टेबलावर बसलेल्या माणसाला कुठलं ते कळायचा मार्ग नाही. लेबलवर आकडे इंग्रजीत लिहिलेले बरे. मराठी आणि कन्नड आकड्यांची सरमिसळ झालेला अर्ज हमखास मागे राहतो.

टिकण्याबाबत डीएनए आणि आरएनए एकाच तराजूत तोलू नयेत. डीएनए असलेलं कार्ड कोरडं राहिलं तर साध्या तापमानाला वर्षानुवर्षं चालतं. मॉर्बिली, बर्ड फ्लू, ब्लूटंग यांचा मात्र आरएनए. ते कार्ड आठवड्याच्या आत लॅबला पोचवावं. जमणार नसेल तर पूर्ण वाळवून, पाकीट बंद करून उणे 20 ला ठेवावं. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर हवेतली वाफ थंड कागदावर पाणी होऊन बसते आणि केलेलं सगळं वाया जातं.

कार्ड कुठे अजिबात चालत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. विषाणू वाढवून बघायचा असेल तर कार्ड निरुपयोगी, कारण त्यावर विषाणू मेलेला असतो. बर्ड फ्लूचा संशय असेल तर पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. भोपाळच्या संस्थेला जाणारा नमुना व्हीटीएममध्ये, थंडच जायला हवा. 2023 मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूने एलिफंट सीलची हजारो पिल्लं मेली, तेव्हापासून किनाऱ्यावर एकाच वेळी पक्षी आणि सस्तन प्राणी मेलेले दिसले तर हा संशय पहिला धरावा लागतो. अँटिबॉडी बघायच्या असतील तरी हे कार्ड नको, त्यातल्या साबणासारख्या रसायनाने प्रथिनं मोडतात. त्यासाठी नोबुटो पट्टी, म्हणजे रक्त शोषणारी कागदाची पट्टी, घ्यावी. ती साधारण 0.1 मिलिलिटर रक्त शोषते आणि तिच्यात मारणारं रसायन नसतं, म्हणून ती संसर्गजन्य समजूनच हाताळावी. लम्पीच्या खपलीला कार्डाचा खर्च करू नका. तो विषाणू खपलीत आपोआपच टिकतो, कोरड्या निर्जंतुक बाटलीत खपली घातली की झालं. आणि फाशी म्हणजे अँथ्रॅक्स या रोगाचा संशय असेल, म्हणजे जनावर अचानक मेलंय नि नाका-गुदातून काळं, न गोठणारं रक्त येतंय, तर पोस्टमॉर्टम करूच नका आणि कार्डही काढू नका. फाशीचे बीजाणू या रसायनाला दाद देत नाहीत.

ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूबाबत आमचं मत ठाम आहे. डॉल्फिनमधला ब्रुसेला 1994 मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला, गाभडलेल्या पिल्लातून. आपल्या म्हशींतल्या सांसर्गिक गर्भपाताचाच हा नातलग. लॅबमध्ये तो वाढवताना माणसाला लागण झाल्याची नोंद आहे, त्यामुळे जिवंत जंतू वाढवण्यापेक्षा कार्डावरून पीसीआर करणं कितीतरी सुरक्षित. पण कार्डावर ब्रुसेला शंभर टक्के मेला असं धरून हातमोजे काढू नका. गाभडलेल्या वासराची वार असो की डॉल्फिनचं पिल्लू, दुहेरी हातमोजे, एन-95 मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

लॅबच्या बाजूने कार्डाचं काम सोपं आहे, फक्त घाई चालत नाही. डीएनएसाठी 1.2 मिलिमीटरची एक चकती कापायची, शुद्धीकरणाच्या द्रावणात 200 मायक्रोलिटरने पाच-पाच मिनिटं तीनदा, मग टीई बफरने दोनदा धुवायची, वाळवायची आणि तीच चकती सरळ पीसीआरच्या नळीत टाकायची. रक्ताचा लाल रंग राहिला तर धुणं अपुरं झालं, आणि मग खोटं निगेटिव्ह येतं. आरएनएला एवढ्याशा चकतीवर भागत नाही. चार-पाच मोठ्या चकत्या किटच्या लायसिस बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडणाऱ्या द्रावणात, भिजवून रीतसर आरएनए काढावा लागतो. दोन नमुन्यांच्या मध्ये पंचने, म्हणजे चकती कापायच्या हत्याराने, कोऱ्या कागदाच्या दोन-तीन चकत्या कापून टाकायच्या. हे टाळलं की आधीच्या जनावराचा विषाणू पुढच्याच्या अहवालात दिसतो.

बेळगावात बर्फ मिळतो, बेंगळूरची रात्रीची गाडी मिळते, म्हणून शहराजवळच्या नमुन्याला व्हीटीएम आधी आणि कार्ड जोडीला. किनाऱ्यावर किंवा खानापूरच्या आतल्या जंगलात, परवानगी येईपर्यंत संध्याकाळ होते तिथे, कार्ड आधी. दोन्ही ठिकाणी चारपैकी एक वर्तुळ मोकळं ठेवा आणि त्यावर नमुना न लावलेला कोरा स्वॅब फिरवा. लॅबचं उत्तर पॉझिटिव्ह आलं की ते वर्तुळही तपासायला सांगा. तेही पॉझिटिव्ह आलं तर दोष त्या जनावरात शोधायचा नाही, नमुना घेणाऱ्या हातांत किंवा लॅबच्या पंचमध्ये शोधायचा.