काच फोडायची हातोडी अंधारात सापडते का? आठ महिन्यांचा अनुभव

मे महिन्याच्या शेवटी दोन वस्तू घेतल्या. गाडीची काच फोडायची हातोडी, पट्टा कापायच्या पात्यासकट, ३४० रुपये. आणि ती अंधारात दिसावी म्हणून चमकणारी टेप, तिचे दोन रोल. पहिल्या रोलचे पैसे पाण्यात गेले. हातोडी किती मजबूत, पातं किती धारदार, हे सांगणारे ढीगभर सापडतील. मला बघायचं होतं ते एवढंच, की मिट्ट काळोखात, पट्टा बांधलेला असताना, ती हाताला लागते का.

खोड जुनी आहे. २६ जुलै २००५ ला मी मुंबईत कॉलेजात होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांमध्ये अडकून, गुदमरून माणसं गेली. त्यानंतर ओळखीतल्या किती तरी जणांच्या गाडीत हातोडी आली. बाबांनीही ठेवली, घरातली खिळे ठोकायची, फडक्यात गुंडाळून सीटखाली. ती कुठे गेली म्हणून आई वर्षानुवर्षं कुरकुरत होती. गाडी विकायला काढली तेव्हा सापडली. आता मी दर आठवड्याला नाशिक-भिवंडी करते, परत येताना कसारा घाटात हमखास अंधार असतो, आणि माझीही हातोडी दाराच्या कप्प्यात तशीच पडून होती.

म्हणून आधी एक परीक्षा घेतली. रात्री साडेदहाला सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, वॉचमनकाकांना सांगून दिवे घालवले. मी पट्टा लावून बसले, नवरा बाहेर मोबाईलवर सेकंद मोजत उभा. हात कप्प्यात घातला तर आधी पाण्याची बाटली, मग घडीची छत्री, टोलच्या पावत्यांचा गठ्ठा, काच पुसायचं ओलं फडकं आणि तळाशी हातोडी, तीही उलटी. तेवीस सेकंद. कुठे आहे ते मला पक्कं माहीत होतं, गाडी उभी होती, आणि कोणी ओरडत नव्हतं.

मग टेप आणायला नंबरप्लेटवाल्याकडे गेले. आपल्याकडे गोची अशी की चमकेल त्या सगळ्याला आपण ‘रेडियम’ म्हणतो. त्याने ट्रकच्या मागे लावतात ती लाल-पांढरी पट्टी काढून दिली. ती नुसती उजेड परतवते. समोरून हेडलाइट पडला तर झगझगते, नाही पडला तर काळी ठिक्कर. गाडीत दिवा गेला आणि मोबाईल कुठे उडाला ते कळत नसेल, तर तिचा उपयोग शून्य. मला हवी होती उजेड साठवून अंधारात स्वतःहून चमकणारी. बाजारातून तशी म्हणून आणलेला पहिला रोल वीस मिनिटांत विझला. हे स्वस्तातलं काम बहुधा झिंक सल्फाइडचं असतं, मुलांच्या खोलीतल्या छतावरच्या चांदण्यांसारखं. दुसरा रोल ‘स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट’ लिहिलेला बघून मागवला. महाग पडला, पण फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. संध्याकाळी चार्ज झालेली पट्टी पहाटे पाचलासुद्धा अंधूक का होईना, दिसत होती.

एवढं झाल्यावर मी जो वेडेपणा केला तो सांगायलाच हवा. पट्टी हातोडीच्या दांड्याला गुंडाळली आणि हातोडी पुन्हा दाराच्या कप्प्यात टाकली. दिवसभर गाडी उन्हात, रात्री बघते तर पट्टी काळी. कप्प्यात उजेड पोचतोच कुठे! डॅशबोर्डच्या खणात ठेवणाऱ्यांचंही हेच होणार. ज्या वस्तूला दिवसा उजेड दिसत नाही ती रात्री चमकणार नाही, हे कळायला मला चार दिवस लागले. नवऱ्याला चार सेकंद लागले, पण त्याने ते शनिवारी सांगितलं.

मग जागेचा शोध. काचेशेजारच्या खांबावर लावावी असं पहिल्यांदा कोणालाही वाटतं, कारण काच तिथेच. पण ज्या गाड्यांना पडद्यासारखी उघडणारी बाजूची एअरबॅग असते, तिच्या वाटेत तिथे कडक वस्तू लावायची नसते. गाडीचं पुस्तक उघडून बघा, मीही तेव्हाच पहिल्यांदा उघडलं. शेवटी गिअरच्या बाजूचं प्लॅस्टिक, माझ्या डाव्या गुडघ्याजवळ, ही जागा ठरली. पुढच्या काचेतून ऊन येतं, शेजारच्यालाही हात पुरतो, पट्टा बांधलेला असताना वाकावं लागत नाही.

हातोडीसोबत आलेली क्लिप आधी दुहेरी चिकटपट्टीने लावली. जूनच्या पहिल्या आठवड्यात जळगावला लग्नाला गेलो. गाडी दुपारभर मांडवाबाहेर तापली, आणि परतीला पारोळ्याच्या अलीकडे ब्रेक दाबला तर पायाखाली काहीतरी टणक. हातोडी सुटून ब्रेकच्या पेडलमागे गेली होती. जीव वाचवायला घेतलेल्या वस्तूने जवळजवळ जीवच घेतला होता. गाडी बाजूला घेतली, ती काढली आणि उरलेला रस्ता सासूबाईंनी ती पर्समध्ये धरून काढला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने दोन स्क्रू मारून क्लिप पक्की केली. शंभर रुपये घेतले आणि “मॅडम, एवढं कशाला” हे फुकट ऐकवलं.

टेप कुठे लावायची यातही महिना-दोन महिने गेले. दांड्यावरची पट्टी अंधारात नुसती हिरवी रेघ दिसते. ती हातोडीची आहे की कशाची, आणि दांडा कुठल्या बाजूला, काही कळत नाही. जुलैत मी दांड्यावरची काढली आणि क्लिपच्या मागे, प्लॅस्टिकवर, तळहाताएवढा चौकोन चिकटवला. आता हिरव्या उजेडावर हातोडीची काळी आकृती दिसते: डोकं वर, दांडा खाली. शिवाय ती जागेवर नसेल तर रिकामा चौकोन डोळ्यात भरतो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली हीच एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. पावसाळ्यात ढगाळ हवेनेही चार्जिंगला काही फरक पडला नाही. कडांना धूळ धरते, ओल्या कपड्याने पुसते.

एक अडचण मात्र टेपने सुटत नाही. झगझगीत उजेडातून एकदम काळोखात आलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही. ते पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. चार तास अंधारात राहून मंदावलेली पट्टी, ट्यूबलाइटखालून आलेल्या मला सुरुवातीला दिसलीच नाही. दहा मिनिटं गाडीत बसून राहिले तेव्हा तीच पट्टी कंदिलासारखी वाटायला लागली. संकट काही दहा मिनिटं थांबणार नाही. म्हणून दांड्याला लेकाच्या जुन्या बॅटची रबरी ग्रिप चढवली. गिअरवरून हात खाली सरकवला की खरखरीत लागतं, ते हेच. सवय म्हणून गाडी लावल्यावर डोळे मिटून एकदा हात लावते. डिसेंबरमध्ये तळघरातली परीक्षा पुन्हा घेतली: तीन सेकंद. लेकाने डोळ्यांवर ओढणी बांधून केली, पाच.

काच खरंच फुटते का, हे भंगारवाल्याकडे एका जुन्या दारावर बघितलं. चष्मा घालून. बाजूच्या काचेच्या मध्यावर हातोडी दोनदा वाया गेली, खालच्या कोपऱ्यावर एका फटक्यात चुरा. स्प्रिंगवाला छोटा पंच त्याच्याकडेच होता, तो नुसता दाबला आणि काच गेली. पाण्याखाली हात जोरात फिरवता येत नाही, तिथे हा पंच बरा. पुढची काच मात्र दोन थरांत प्लॅस्टिक घातलेली, लॅमिनेटेड. तिला फक्त कोळ्याचं जाळं पडलं. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही अशाच असतात. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये अशी सहा साधनं तपासली होती. टेम्पर्ड काच, म्हणजे फुटली की चुरा होणारी, चारांनी फोडली, लॅमिनेटेड एकानेही नाही. आपली कुठली ते काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं असतं, टेप लावण्याआधी तेवढं वाचून घ्या.

ऑक्टोबरात सासूबाईंना सोडायला नागपूरला गेले, स्लीपर बसने, समृद्धीवरून. १ जुलै २०२३ च्या रात्री याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ बस दाराच्या बाजूवर उलटून पेटली, २५ माणसं गेली. वाचले ते काच फोडून बाहेर पडले. ते डोक्यात असल्यामुळे बर्थवर चढण्याआधी हातोडी शोधली. लाल खोबणी होती, आत काही नाही. अटेंडंट म्हणाला, “पब्लिक उचलून नेतं, ताई. केबिनमध्ये ठेवल्यात सगळ्या.”

“आणि लागली तर?”

“लागली तर आवाज द्या ना.”

दिवे घालवून पडदे ओढल्यावर ती खोबणीसुद्धा दिसेना. बस आडवी झाली तर छत कुठलं आणि खिडकी कुठली हेही कळणार नाही, आणि हाताची सवय घरच्या गाडीपुरतीच. अशा ठिकाणी चमकणारी पट्टी माझ्या गाडीपेक्षा शंभरपट कामाची. एसटीत निदान ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं लिहिलेलं आपण लहानपणापासून वाचत आलोय, पण तेही दिवा असला तरच. पर्समध्ये उरलेल्या टेपचा तुकडा होता. तो टॉर्चखाली मिनिटभर धरला आणि मागच्या संकटकालीन खिडकीच्या दांड्याला चिकटवला. जालन्याच्या पुढे जाग आली तेव्हा हिरवी रेघ दिसत होती. समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी विचारलं, ते काय चमकतंय? सांगितलं, तर त्यांनी तिथपर्यंत हात पुरतो का ते करून बघितलं.

गुण द्यायचे तर दुसऱ्या रोलला पाचपैकी साडेचार, हातोडीला चार, तिच्यासोबत आलेल्या क्लिपला आणि चिकटपट्टीला शून्य. मागच्या सीटचा प्रश्न अजून सुटलेला नाही. काचा गडद आहेत, ऊन पोचत नाही, तिथला चौकोन नऊ वाजताच विझतो. सध्या स्प्रिंगवाला पंच मागच्या हँडलला दोरीने बांधलाय आणि लेकाला तो उगाच दाबायचा नाही अशी शपथ घातलीय. एकदा दाबून झालाय, सीटच्या कव्हरला भोक आहे.