तिरळेपणा आणि मोतीबिंदू: दोन्ही डोळे दूरसाठी, की एक दूर आणि एक जवळ?

ज्यांचे डोळे एका रेषेत राहत नाहीत, त्यांना मोतीबिंदूच्या वेळी भिंगाच्या किमतीपेक्षा अवघड निवड करावी लागते. दोन्ही डोळ्यांत दूरचे दिसणारी साधी भिंगे बसवून वाचनाला चष्मा ठेवायचा, की एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी, उणे दीड नंबरच्या आसपास, ठेवून मोनोव्हिजनचा मार्ग धरायचा? एकाच डोळ्यात दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल भिंगाचा विचार मी लवकरच सोडला, कारण त्यात प्रकाश विभागला जातो आणि तिरळ्या किंवा आळशी (लहानपणापासून नजर कमी राहिलेल्या) डोळ्याला तो तोटा सहसा झेपत नाही.

मोनोव्हिजनचे आकर्षण मला मान्य आहे. औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला चष्मा शोधावा लागत नाही, हे सुख लहान नाही. शिवाय ज्यांचा तिरळेपणा बालपणापासूनचा आहे, जे कधी या तर कधी त्या डोळ्याने सहज पाहतात आणि ज्यांना दुहेरी असे कधी दिसलेच नाही, त्यांच्यापैकी काहींना ही विभागणी चांगली मानवते, कारण त्यांच्या मेंदूला एका डोळ्याचे चित्र बाजूला ठेवण्याची सवय असते.

माझे तसे नव्हते. माझा डोळा बाहेर सरकतो, पण दोन्ही चित्रे एकत्र धरून ठेवण्याच्या मेंदूच्या ओढीमुळे तो बहुतेक वेळ जागेवर राहतो, आणि ही ओढ टिकायला दोन्ही चित्रे सारखी स्पष्ट असावी लागतात. शस्त्रक्रियेपूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स लावून मी मोनोव्हिजनची चाचणी घेतली, तेव्हा वाचन उत्तम झाले. पण सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर मोबाइलवरून नजर उचलून फलकाकडे पाहिले की अक्षरे क्षणभर दोन ठिकाणी दिसत आणि मग सावकाश एकमेकांत मिसळत. संध्याकाळी वर्धा रोडवर समोरच्या दुचाकीचा एक दिवा दोन होई, आणि ती दुचाकी आहे की मोटार, हे मला एक डोळा मिटून ठरवावे लागे. मेंदू हळूहळू जुळवून घेतो, असे डॉक्टरांनी सांगितले आणि ते खरेही असेल. पण रस्ता ओलांडताना त्या जुळवणीची वाट पाहत थांबण्याची माझी तयारी नव्हती. त्यातही मला अधिक खटकले ते असे की, या त्रासावर पहिला उपाय म्हणजे दोन्ही डोळ्यांचे नंबर सारखे करणारा चष्मा. म्हणजे चष्मा टाळण्यासाठी निवडलेला मार्ग मला पुन्हा चष्म्याकडेच आणणार होता.

म्हणून मी दोन्ही डोळे दूरसाठी ठेवले. चष्मा सुटला नाही, आणि नातेवाईक अजून विचारतात, की मग ऑपरेशन कशाला केले! मात्र उरलेल्या तिरळेपणासाठीचा प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवून दोन चित्रे जुळवणारी काच, त्याच चष्म्यात बसला, आणि प्रिझम लागणार असेल तर दूरचा नंबर शून्य आला तरी चष्मा नाकावर राहणारच, हे आधीच समजून घेतलेले बरे. नागपूरच्या उन्हात गॉगलशिवाय बाहेर पडवत नाही, त्यामुळे नाकाला ओझ्याची सवय होतीच.

तिरळेपणाची शस्त्रक्रिया आधी की मोतीबिंदूची, याचे उत्तर बहुधा मोतीबिंदूची असे मिळते, कारण नजर स्वच्छ झाल्यावर डोळ्यांचा कोन बदलू शकतो. भूल थेंबांची देता येईल का, हेही विचारावे. डोळ्याशेजारच्या इंजेक्शनने क्वचित स्नायूला इजा होऊन नव्याने दुहेरी दिसू लागते.

तुम्हाला दुहेरी कधीच दिसत नसेल, तर माझा कौल तुमच्यावर लादू नये. तरीही भिंग ठरवण्याआधी प्रिझमने कोन मोजून घ्यावा आणि कॉन्टॅक्ट लेन्सची चाचणी घरात बसून न घेता रहदारीत, अर्थात पायी, घ्यावी. भिंगाच्या मोजणीआधी त्या लेन्स डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवाव्यात, नाहीतर बुबुळाचे माप चुकू शकते.